दिंडोशीचं गाऱ्हाणं

दिंडोशी, मुंबई
७ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघी हातीपायी धड आहोत. फोन केला असता, पण गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटानं तुझे कान नेले. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या घरांना सांगायचं, आणि हे कोणाच्या कानावर जायला नको आहे. आधीच सांगते, वाचून झालं की लगेच चपला घालून निघू नकोस.

सर्वेश बोटीवर आहे, मार्चअखेर येईल. घरात मी आणि रिनी. तिला सहावा लागलाय, तरी अंधेरीच्या हॉस्पिटलात नर्सची ड्युटी चालूच आहे. गेटवरची पोरं तिला बघून 'मोमो', 'चायना' करतात ते तुला ठाऊक आहे. सून मिझोरामची आहे आणि मिझोराम भारतात आहे, हे तीन वर्षांत मी पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. त्याची आता सवय झाली होती रे.

झालं काय, समोरची हेमांगी ज्या कुत्र्याला खायला घालते ना, तो काळू नवीन वर्षाच्या दिवशी नाहीसा झाला. तर सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, की कुत्री कोण खातं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांनाच विचारा. खाली हसऱ्या चेहऱ्यांची ही रांग. हेमांगीनंच मला फोन दाखवला आणि वर म्हणाली, मनावर नका घेऊ काकी.

रविवारी दुपारी रिनी ड्युटीवर होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर चेअरमन नाना तावडे, मागे पिंटू राणे आणि बी विंगमधले तिघं. नाना अगदी गोड बोलले. म्हणाले वहिनी, लोकांची शंका फिटली की विषय संपला, नुसता फ्रिज बघतो. दादा, मी त्यांना आधी पाणी दिलं. मग माझ्या हातानं फ्रिज उघडून दाखवला. कोणी जबरदस्ती केली नाही, मीच उघडला.

वरच्या कप्प्यात रिनीच्या आईनं पाठवलेलं डुकराचं मटण होतं, धुरावर सुकवलेलं. चौथ्या महिन्यापासून तिला त्याचेच डोहाळे. दर रविवारी दोन तुकडे पालेभाजीत टाकायची आणि बाकीचं जपून ठेवायची. पिंटूनं ते पुडकं काढून हुंगलं. मी म्हटलं, बकऱ्याचं आहे, सर्वेशच्या मित्रानं दिलंय. खोटं बोलले. हा पिंटू, त्याची आई आजारी असताना महिनाभर माझ्याकडे पेज जेवलेला. त्यानं माझ्याच टॉवेलला हात पुसले आणि गेले सगळे.

ते गेल्यावर मी ते पुडकं पिशवीत बांधलं आणि खाली कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. रिनीला सांगितलं, लाइट गेली होती, खराब झालं. ती फक्त 'बरं आई' म्हणाली. पोटुशीचे डोहाळे मी कचऱ्यात टाकले रे दादा. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून कडी बघून येते.

तू काही करू नकोस. फक्त कोणाला तरी सांगायचं होतं. वहिनीला नमस्कार. माझ्यावर चिडलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
अनू


मुलुंड
११ जानेवारी २०२५

चि. अनूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. दिंडोशीहून मुलुंडला बैलगाडीनं येतं की काय कोण जाणे. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर त्याच दिवशी येऊन मी नान्याची कॉलर धरली असती.

पाणी कसलं देतेस त्यांना? घरात घुसून गरोदर बाईचं खाणं हुंगणारी माणसं ती, पाहुणे नव्हेत. तू भित्री लहानपणापासूनच. विहिरीवर बेडूक दिसला तर कळशी टाकून पळायचीस, ते एक ठीक होतं. पण आता तू घरातली मोठी आहेस.

सोबत कागद जोडला आहे. तक्रार मी लिहून काढली आहे, पाच जणांची जागा मोकळी ठेवली आहे, तू नावं भर आणि सही कर. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक सोसायटीच्या ऑफिसात, दोन्ही रजिस्टर पोस्टानं. चौदा वर्षं युनियनचं काम केलं, लेखी कागदाला माणूस कसा टरकतो ते मी पाहिलंय. तोंडी रडगाण्याला कोणी विचारत नाही.

आणि तू सही केली नाहीस तर दुसरा उपाय माझ्याकडे आहे. सव्वीस जानेवारीला तुमच्या सोसायटीचा सत्यनारायण. गाऱ्हाणं दरवर्षी मीच घालतो. देवापुढे एकेक मागणं मी मांडणार आणि सगळी बिल्डिंग हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणणार. या वर्षी पाचही जणांची नावं घेऊन घालतो. बघू कोण 'व्हय' म्हणतो ते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी सतरा वर्षांचा असताना आपल्या चाळीखाली एका मद्रासी अण्णाची खानावळ होती, आठवते? तिच्या काचा फुटल्या त्या दिवशी एक दगड माझाही होता. अण्णाची बायको आत पोराला पोटाशी धरून बसली होती. मी तिला पाहिलं आणि तरी मारला. म्हणून सांगतो, आपण गप्प बसलो म्हणून असली माणसं थांबत नाहीत. मला कोणी थांबवलं नव्हतं.

रिनीला आशीर्वाद. तिच्यासाठी ते मटण कुठे मिळतं ते चौकशी करून कळवतो. तुझी वहिनी म्हणते की अनूला एवढं बोलू नका, म्हणून आवरतो. रागाच्या मागे काय आहे ते तुला कळतंच.

तुझा,
भिकाजीदादा


दिंडोशी
१७ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. पिठाच्या डब्याखाली ठेवला आहे. सही केली नाही, करणार पण नाही. शिव्या घाल हव्या तर.

तुझी युनियन होती दादा, मागे तीन हजार माणसं होती. माझ्यामागे कोण आहे? दुपारी साडेतीनला ही पोर एकटी गेटमधून येते, पोट पुढे घेऊन. पोलीस येतील, पाच जणांना दोन तास बसवतील आणि सोडतील. ते पाच जण मग त्याच गेटवर उभे राहणार. तू बोलून मुलुंडला जाशील, आम्हाला इथंच राहायचंय.

मी माझ्या परीनं करते आहे. संक्रांतीला पाचही घरी तिळगूळ घेऊन गेले. नानांच्या बायकोनं घेतला, एकानं दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. रिनीला त्याआधीच म्हटलं होतं, जाता-येता हॉस्पिटलचा मास्क लावत जा, धूळ फार आहे. ती चार दिवस लावून गेली. पाचव्या दिवशी मास्क टेबलावर ठेवून मला म्हणाली, की आई, धूळ तेवढीच आहे.

आणि ऐक. काळू परत आला. नसबंदीवाल्यांच्या गाडीनं नेला होता, कानाला खूण करून परवा सोडून गेले. गेटवर शेपूट हलवत उभा. मला वाटलं आता कोणीतरी येईल, निदान नाना तरी. कोणी आलं नाही. ग्रुपवर काळूचा फोटो टाकून सगळ्यांनी फुलं वाहिली म्हणे. उलट काल जिन्यात पिंटू मला म्हणाला, काकी, बाळ कोणावर जातंय ते बघायचंय आम्हाला. हसत म्हणाला. तो हसला नसता तर मी एवढी घाबरले नसते.

खरी भीती पुढेच आहे. रिनीनं पाच फेब्रुवारीचं आयझॉलचं तिकीट काढलंय. म्हणते, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना आई, तुमच्यातही असतं. आता याला मी काय बोलू? चार जणांत सांगायला सोपं, बाळंतपणाला गेली. पण दादा, ती परत यायची नाही. माझं नातवंड मला फोनवर बघावं लागेल. सर्वेशला अजून काही सांगितलेलं नाही, तो तिकडे समुद्रात काय करणार.

तुझ्या पाया पडते, गाऱ्हाण्यात नावं घेऊ नकोस. एवढं ऐक माझं. लहान बहिणीचा हट्ट समज आणि लोभ तोडू नकोस.

तुझी,
अनू


मुलुंड
२१ जानेवारी २०२५

चि. अनूस,
अ. उ. आ.

नावं घेणार नाही. शब्द दिला.

पण मग तुमच्या पूजेलाही येणार नाही. ज्यांनी तुझ्या घरात येऊन फ्रिज हुंगला त्यांच्या सुखासाठी, त्यांच्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी मी देवापुढे उभा राहून मागणी करू? ते मला जमायचं नाही. नान्याला आजच कार्ड टाकलं, की घसा बसला आहे, दुसरा माणूस बघा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तुला हवं होतं तसं मी गप्प बसलो आहे, आता माझं गप्प बसणं त्यांना दिसू दे.

पोर गेली तर तिला दोष देऊ नकोस. मी तिच्या जागी असतो तर केव्हाच गेलो असतो.

मनात राग आहे, पण तुझ्यावर नाही. जप.

भिकाजीदादा


दिंडोशी
२८ जानेवारी २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

मी रिनी. शाळेत हिंदी होतं म्हणून अक्षर येतं, मराठी आईंकडून शिकले. चूक असेल तर समजून घ्या. आई झोपल्या आहेत, दुपार आहे. त्यांनी तुम्हाला लिहायला घेतलं होतं, पण तीन कागद फाडले. म्हणून मी लिहिते.

फ्रिजचं मला त्याच दिवशी कळलं होतं. हेमांगीताईंनी गेटवरच सांगितलं. घरी आले तर आईंनी फ्रिज आतून-बाहेरून साबणानं धुतला होता आणि त्यांचे हात लाल झाले होते. मला खूप राग आला. मटणाचा नाही, त्या खोटं बोलल्या त्याचा. मी काही बोलले नाही. हॉस्पिटलात रोज कोणीतरी म्हणतं, ती चायनीज सिस्टर नको, दुसरी पाठवा. तिथेही मी काही बोलत नाही, दुसऱ्या पेशंटकडे जाते. माझी रीत तीच आहे. तुमची वेगळी, आईंची वेगळी. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी गप्पच बसा म्हणाले असते, कारण मला रोज त्या गेटमधून यायचं असतं.

परवा पूजा झाली. तुम्ही आला नाहीत म्हणून गाऱ्हाणं कोण घालणार यावर अर्धा तास गेला. नाना म्हणाले मला शब्द येत नाहीत. पिंटू मोबाइलवर शोधत होता. मग आई उठल्या. कोणीतरी म्हणालं, बाईमाणूस कसं घालणार. आई म्हणाल्या, भावाचं ऐकून पाठ आहे, देवाला चालेल. एक हात टेबलावर टेकला होता. मी मागे खुर्चीवर होते, मला वाटलं त्या पडतील.

सुरुवातीला तुमचंच म्हणाल्या, सगळ्यांना सुखी ठेव, आजाऱ्यांना उठव, पोरांना कामधंदा दे. प्रत्येक वेळी सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मग त्याच सुरात म्हणाल्या, की इथे एक बाई आहे, तिनं भिऊन परक्या पुरुषांना स्वतःचा फ्रिज उघडून दाखवला, आणि पोटुशी सुनेचे डोहाळे कचऱ्यात टाकले, ती बाई मीच, मला पदरात घे. मामा, लोक म्हणाले 'व्हय म्हाराजा'. सवयीनं म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना कळलं.

आई थांबल्या नाहीत. म्हणाल्या, जे माझ्या दारी आले त्यांना मी पेज भरवली आहे, त्यांनाही पदरात घे. या वेळी निम्मे आवाज आले. मग म्हणाल्या, पण यापुढे जो माझ्या सुनेचं ताट तपासायला येईल, त्यानं आधी आपल्या घरातलं प्रत्येक भांडं तुझ्यापुढे आणून उघडावं. कोणी काही बोललं नाही. नाना नारळाकडे बघत होते. मला वाटलं की म्हणावंच लागतं, नाहीतर गाऱ्हाणं पुरं होत नाही. म्हणून मी उभी राहिले आणि मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं. माझा एकटीचा आवाज आला. सगळ्यांनी वळून बघितलं. मी चर्चला जाणारी, मला ते म्हणायचा हक्क आहे की नाही माहीत नाही. थोड्या वेळानं हेमांगीताईंनीही हळूच 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

त्यानंतर सगळं चांगलं झालं असं नाही. प्रसाद घेताना आमच्या बाजूला जागा मोकळी राहिली. काल दोनदा बेल वाजली आणि दार उघडलं तर कोणी नाही. आई दाराला सोफा लावून बसतात. आज सकाळी पिंटू गेटवर होता, त्यानं 'मोमो' म्हटलं नाही आणि हसलाही नाही, फक्त बघत राहिला. हे बरं की वाईट ते मला कळत नाही. सर्वेशला मी सगळं लिहून मेल केलं आहे. तुमचा तो कागद पिठाच्या डब्याखालून काढून आईंनी मला दिला. सही अजून झालेली नाही, आम्ही दोघी त्याच्याकडे बघतो आणि परत ठेवतो.

तुम्हाला विनंती आहे. सर्वेश येईपर्यंत तुम्ही इथे येऊन राहाल का? दुपारी साडेतीनला गेटवर नुसते उभे राहिलात तरी पुरे. मामींना विचारा.

मी तिकीट रद्द केलं. बाळ इथेच होईल. आई रडल्या, त्यांना वाटलं त्यांच्यासाठी केलं. मी तसं वाटू दिलं. तुम्हाला खरं सांगते. आयझॉलला मला रस्त्यात कोणी वळून बघणार नाही. चार-पाच महिने तसं राहिले, तर बाळाला घेऊन या गेटमधून परत यायची हिंमत माझ्यात उरणार नाही. म्हणून जात नाही.

तुमची माया माझ्याकडेही वळू द्या.

तुमची सून,
रिनी