बाबांची खोली

रविवार, ता. ९

प्रिय छोट्या,

तुला आशीर्वाद. हाताने लिहिलेलं पत्र पाहून हसला असशील. हस. फोनवरून लिहिलं असतं तर ते बाबांनाही दिसलं असतं. आमचं सगळं आता एकाच अ‍ॅपमध्ये आहे.

बाबांची तब्येत चांगली आहे. अर्धांगवायूनंतर इतकं खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. भूकही लागते.

माझं काम तुला माहीत आहेच. चार-चार बांधकामं फिरतीवर सांभाळणाऱ्या लोकांसाठीचं ते अ‍ॅप. सुपरवायझर घरी लोळत पडून ‘काम पूर्ण’चं बटण दाबतात, अशा तक्रारी फार होत्या. म्हणून मी नवी अट घातली: जागेवर उभं राहून कॅमेऱ्याने फोटो काढल्याशिवाय ते बटण उघडायचंच नाही. जुना फोटो चालणार नाही. ती पळवाट मी स्वतः बंद केली.

वापरून बघायला घरातच मुकादम होता, आपले बाबा. जन्म बांधकामावर गेलेला आणि आता एकच अंगठा चालणारा. फोन हातात घेतल्या घेतल्या ओरडले, “एवढंसं बटण? मुंगीसाठी केलंयस का?” मी मोठं केलं. मग त्यांनी नवीन काम उघडलं, नाव दिलं ‘खोली’. मला वाटलं, चादरीचे फोटो काढत बसतील.

फोटो आले ते विटांचे. ओल्या, नुकत्याच रचलेल्या, शेजारी ओळंबा सोडलेला. जागा म्हणून नकाशावर आपलंच घर. ऑफिसातला मित्र म्हणाला, “काहीतरी गडबड असेल, बघू.” मीही तेच म्हणत राहिले. पण बाबांची नखं कापायला बसले, तर नखांत सिमेंट होतं.

भिंती चढत गेल्या. एका फोटोत चौकड्यांचा सदरा घातलेला माणूस पाठमोरा उभा होता.

“बाबा, हा फोटो कोणी काढला?”

“मी.”

“आणि उभा कोण आहे?”

“मीच की. ओळखत नाहीस बापाला?”

मला भीती वाटली, छोट्या, आणि खरं सांगू, आनंदही झाला. ते उभे होते रे, दोन्ही पायांवर.

“मग दार कुठेय?” मी विचारलं.

“घरचे सगळे आत आले की लावायचं.”

त्यानंतर माझ्या फोनवर ‘खोली’चं आमंत्रण आलं. मावशी, म्हणजे बाबांचं करायला येतात त्या, म्हणाल्या, “काढून टाका ताई ते अ‍ॅप.” मी हो म्हटलं.

काढलं नाही. गुरुवारी दुपारी मी आमंत्रण स्वीकारलं. इतका वेळ हेच लिहायचं टाळत होते.

शुक्रवारी मावशी आल्या. बाबांचं अंग पुसलं, गोळ्या दिल्या, मग घरभर हाका मारत फिरल्या. मी पलंगाशेजारच्या खुर्चीतच बसले होते. “अहो, ही काय मी,” म्हटलं. त्या माझ्यासमोरून गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, “ताई न सांगता कुठे गेल्या हो?” बाबा माझ्याकडे बघून हसले.

इथे वाईट काही नाही. भिंती ऊबदार आहेत. बाबा माझ्यासमोर फेऱ्या मारतात, मला जुने किस्से सांगतात. फक्त बाहेरचे आवाज रोज थोडे कमी येतात. हे पत्र टेबलावर ठेवते. ठेवलेल्या वस्तू मावशींना अजून दिसतात, त्या पोस्टात टाकतील.

आता नीट वाच. काल बाबांनी शेवटचं काम लिहिलं: दार. ते तुझ्या नावावर टाकलंय, कारण आत यायचा तू एकटाच राहिला आहेस. तुला आमंत्रण येईल. दाबू नकोस. येत्या शुक्रवारचं इकडचं तिकीट रद्द कर. मी दिसत नाही म्हणून धावत येशील, मला माहीत आहे. येऊ नकोस. तू इथे जागेवर उभा राहिल्याशिवाय दाराचं ‘काम पूर्ण’ होत नाही, अट माझीच आहे.

बाबा सारखे विचारतात, “छोटा कधी येतोय?” मी सांगते, त्याला सुट्टी मिळत नाही. मला खोटं पाडू नकोस, राजा.

आतून,
तुझी ताई