झोपडीतला खेळ

उचगाव, ता. ४ फेब्रुवारी १९१७

चि. रवळूस आक्काचे उदंड आशीर्वाद.

आम्ही सारे खुशाल. तुझी लेक गुणा मात्र पोटभर जेवत नाही. परसात कडब्याच्या पेंढ्यांची झोपडी करते, प्लेगात तुम्ही शहापूरबाहेर माळावर बांधली होतीत तशी. आत आपण निजून कण्हते आणि चिंधीची बाहुली दाराबाहेर उभी करते. रोज हाच खेळ.

सासूबाई म्हणाल्या, पोर अभद्र खेळते, घरात मरण आणेल. म्हणून मी बाहुली काढून घेतली. तेव्हापासून गुणा एक अक्षर बोलत नाही. पाच वर्षांचं लेकरू नुसतं टुकुटुकु बघतं. मला भीती वाटते रे. येऊन जा.

तुझी आक्का


शहापूर, ता. ९ फेब्रुवारी

ती. आक्कास रवळूचा शिरसाष्टांग नमस्कार.

माग पुन्हा सुरू केलाय, एक लुगडं अर्धं झालं. बाहुली तिला परत दे. लहानपणी मला नवरदेव करून ओढ्यात बुडवायचीस, तेव्हा आईनं तुला अडवलं होतं का?

दाराबाहेरची बाहुली म्हणजे गुणाच गं. जयाला गाठ आली तेव्हा पोर दारात उभी राहून विचारायची, "आई, येऊ?" मी दंड धरून तिला लांब ठेवली. जया आतून रडायची. ती गेल्यावर पोरीला सांगितलं, आई माहेरी गेली. आत सोडली असती तर दोघी गेल्या असत्या.

मी येत नाही. मला बघून तिला तेच आठवेल. माया असू दे.

तुझा रवळू


उचगाव, ता. १८ फेब्रुवारी

चि. रवळूस अनेक आशीर्वाद.

बाहुली दिली. सासूबाई तोंड फुगवून बसल्यात, बसू देत. गुणानं बाहुली बाजूला ठेवली, पदर धरून मलाच झोपडीत ओढलं आणि निजवलं. मग दाराशी जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते, "आई, येऊ?"

मी म्हटलं, "ये गं बाळ."

आत शिरून कुशीत पडली आणि जया गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मग मी सारं खरं सांगितलं. आई वारली, आणि तुला काही होऊ नये म्हणून आप्पानं धरून ठेवलं. तिनं विचारलं, "आप्पा बी रडला व्हय?" मी व्हय म्हटलं.

आता रोज खेळतो. कधी मी आजारी, कधी ती. काल म्हणाली, आता आप्पाला आत निजवायचं, मी त्याला पाणी पाजणार. तुझे पाय मावावेत म्हणून सकाळपासून झोपडी लांब करते आहे.

वाट पाहणारी,
तुझी आक्का