उपसागरातला एक आकडा

भाऊ, तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, हे ठाऊक असूनच लिहिते आहे. तुमच्याशी मी एकदा खोटं बोलले होते आणि त्या खोट्यावर तुमचा विश्वास शेवटपर्यंत वापरला.

सत्तरच्या दशकात मी हवामान कचेरीत लागले, तेव्हा नकाशाच्या टेबलावर तुम्हीच माझे गुरू. उमरेडच्या विणकराच्या घरातला माणूस, जन्मात समुद्र पाहिलेला नाही, आणि रोज सकाळी अख्खा बंगालचा उपसागर कागदावर मांडायचा. मी तरी कुठे पाहिला होता! आपला समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव. टेलिप्रिंटर खडखडतो आहे, ब्रह्मदेशातून, सिलोनमधून, जहाजांवरून आकडे उतरताहेत, आणि तुम्ही काळ्या-तांबड्या शाईचे दोन टाक एकत्र बांधून तांदळाएवढे आकडे काढता आहात. मी वाकून बघत राहिले की म्हणता, "काहून वं पोरी, लाटा दिसून राहिल्या का तुले?"

डब्यातली जवसाची चटणी माझ्या पोळीवर वाढता वाढता तुम्ही कामाचा एकच नियम सांगायचात. "सरकारं भांडत असतीन, पन तिकडच्या मानसानं सकाळी पारा वाचून आपल्याले धाडलाच ना? तो जसा आला तसाच मांडाचा. खोटा वाटला तं बाजूले प्रश्नचिन्ह टाक. आकड्यात आपली अक्कल घालू नोको." मी मान डोलवायचे. एवढ्याशा गोष्टीचं केवढं अवडंबर, असंही वाटायचं.

पुढे एका पावसाळ्यात साहेबांनी एका चुकीवरून मला सगळ्यांदेखत झापलं. दुसऱ्याच सकाळी एका जहाजाचा हवेचा दाब आला, आजूबाजूच्या आकड्यांपेक्षा चांगला दहाने कमी. मला वाटलं, जहाजावरचा माणूस चुकला, आणि बोलणी मात्र पुन्हा मीच खाणार. मी तो आकडा दहाने वाढवून मांडला. नकाशा कसा छान जुळला! दुपारी शेजारच्या देशाच्या किनाऱ्यावरून वारे फिरल्याचे आकडे आले, तेव्हा कळलं की त्या जहाजाभोवती खरंच वादळ उठत होतं. आपल्याकडच्या नद्यांसाठी पुराचा इशारा सकाळीच जायला हवा होता, तो संध्याकाळी गेला. माणसं वाचली. नदीकाठची गुरं मात्र वाहून गेली.

तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसलात. ओरडला नाहीत. "आकडा पुसट उमटला होता का वं?" मी म्हटलं, "हो, भाऊ." तुम्ही टेलिप्रिंटरचा कागद बघायला मागितला नाहीत. "तपासणी माझी होती, ती राहिली," असं साहेबांना स्वतःच्या सहीनं लिहून दिलंत. त्या वर्षी तुमची बढती हुकली. दुसऱ्या दिवशी नकाशाच्या टेबलावरची तुमची खुर्ची मला दिलीत, म्हणालात, "आता तूच मांड. एकदा चुकलेलं मानूस जपून मांडते." मला रडू आलं, तुम्हाला वाटलं कृतज्ञतेनं.

तुमच्या मागे मीच नव्या मुलांना शिकवू लागले. तुमचा नियम सांगायचे आणि पाठोपाठ ही गोष्टही सांगायचे, फक्त "आमच्या कचेरीत एक मुलगी होती" अशी सुरुवात करून. मुलं हळहळायची, त्या मुलीला नावं ठेवायची. मीही त्यांच्यात सामील व्हायचे, काय सांगू!

परवा त्यांच्यातलीच एक घरी आली. आता तिचेही केस पिकलेत. चहा पिता पिता तिनं विचारलं, "मॅडम, त्या मुलीनं भाऊंना खरं सांगितलं का हो पुढे?"

मी म्हटलं, "हो, सांगितलं ना."