समुद्राने नेलेल्या अंगणाची वाटणी

मी, आब्ला अहियावोर, विधवा, धुरीवर मासे सुकवणारी, केटाच्या किनाऱ्यावर राहणारी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहिते. शाळा तिसरीत सुटली. अक्षर लागलं नाही तर माझ्या मुलीला, फाफालीला विचारावं.

एक. घर फाफालीला. मागे खाडी, दोन्ही बाजूंना अर्धी पडलेली घरं, पुढे समुद्र. समुद्राची हद्द आजची धरावी. पुढची खोली नोव्हेंबरच्या उधाणात गेली, तिच्यावरून भांडू नये. फाफाली, बांध घालू नकोस. पश्चिमेच्या गावाने घातला, वाहत येणारी वाळू तिथेच अडली आणि लाटांनी आमचा किनारा खरवडला. तुझा बांध शेजारणीचं अंगण खाईल. पत्रे काढ आणि खाडीपलीकडच्या नव्या वसाहतीत घाल.

दोन. धुरीची भट्टी मातीची आहे, उचलणार कशी? राहू दे. वरच्या जाळ्या शेजारीण यायराला. तिने आधीच नेल्यात.

तीन. माझा भाऊ क्वाशिगा. याने किनाऱ्याची वाळू सिमेंटचे ब्लॉक पाडणाऱ्यांना विकली. अडवलं तर म्हणाला, "अगं, समुद्र रोज नवी आणून टाकतो. तुझ्या बापाची आहे का?"

म्हटलं, "बाप आपला एकच, गाढवा. त्याची बायको तिथे पुरलीय."

किनारा खचला. उधाणात लाटा वाटेत कुठे फुटल्याच नाहीत, थेट थडग्यांवर आल्या. मागून खाडी चढली. इतरांची हाडं तरी मिळाली, आईचं काहीच नाही. तिच्या थडग्याला टेकून मी मिरच्या निवडायचे. अजून टोपली घेऊन तिकडे वळते, मग पाणी दिसतं. क्वाशिगाला काही नाही.

चार. मला नव्या वसाहतीत पुरा. फाफाली म्हणते, "आई, तिथे भेटायला मला होडी तरी लागणार नाही." बरं बाई. पण ते माझं गाव नव्हे. परगावी मेलेल्याचे केस आणि नखं आपण घरी आणून पुरतो. मी परगावी मेले असं समजा. माझे केस-नखं फडक्यात बांधून आईकडे पोचवा. पाण्याखालची जागा नेमकी क्वाशिगालाच ठाऊक, तिथेच फावडं मारायचा. होडी त्यानेच काढावी. फडक्यात दगड घालावा, नाहीतर लाट परत आणून टाकेल. माझी माफीबिफी मागत बसू नये. आईला एवढंच सांगावं, आब्लाला आणलंय.

हे मी स्वतः लिहिलं, दोघांनी बघितलं.

साक्षीदार: मावुशी डोग्बे, सुईण
एडेम ग्बोलोनू, जाळी विणणारा

सही: आब्ला अहियावोर
केटा किनारा, ९ मार्च २०२२