नितेशचा जबडा

३ नोव्हेंबर, सकाळी ६
नवी वही. चॅम्पियन घडतोय, नोंद राहायला हवी. नितेश, हातखंब्याचा. उंची सहा-दोन, वजन एकशेचार. नऊ लढती, नऊ नॉकआउट. २९ला पुण्यात राज्याचं हेवीवेट टायटल. माझ्या शब्दावर काजू फॅक्टरीतली नोकरी सोडून आलाय. जिल्ह्यात बॉक्सिंग कळतं ते मला एकट्याला. उद्यापासून त्याच्याबरोबर पळणार.

४ नोव्हेंबर
पळालो नाही. गुडघा. स्कूटरवरून मागे गेलो. तेही कोचिंगच.

९ नोव्हेंबर
फारुक आला. माझा जुना विद्यार्थी, आता बोटीवर असतो. विचारतो, सर, ते नऊ जण होते कोण? उगाच खुसपट. राजापूरचा होता, एसटीत ओकून अर्धमेला झालेला, पण रिंगमध्ये उभा राहिला ना? लांज्याचा अठ्ठ्याहत्तर किलोचा. फॉर्मवर मी पंच्याण्णव लिहिलं. सगळेच लिहितात. फारुक म्हणे, याला अजून कुणी धड मारलेलंच नाही, मग ठोसा सोसतो की नाही ते कळणार कसं? अरे, मारलं नाही म्हणजेच बचाव उत्तम.

१२ नोव्हेंबर
तोंड बंद व्हावं म्हणून फारुकलाच स्पारिंगला उभा केला. वजन त्र्याऐंशी. दुसऱ्या मिनिटाला त्याचा उजवा ठोसा नितेशच्या जबड्याला जेमतेम लागला. नितेश खाली बसला. उठून हसला, काय झालं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "लादी ओली होती रे." फारुकने ग्लोव्ह्ज काढून ठेवले. ओली असेलही थोडी.

१७ नोव्हेंबर
जेवण जात नाही. पित्त असावं. नितेशच्या गावी देवीला कौल लावला. गुरवाने देवीच्या दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर होकार. टायटल मिळेल? डावी पडली. पुन्हा विचारलं. डावीच. गुरव म्हणाला, देवी नको म्हणते. देवीला बॉक्सिंगमधलं काय कळतं? प्रश्न बदलला. नितेश पुण्याला सुखरूप पोचेल? उजवी! त्याच्या आईला, गंगावहिनींना, सांगितलं की कौल उजवा आला. बिचारीने डोळ्याला पदर लावला.

२५ नोव्हेंबर
हातखंब्याच्या नाक्यावर बॅनर. 'राज्य चॅम्पियन नितेश यांचे हार्दिक अभिनंदन'. नंतर लग्नसराईत फ्लेक्सवाला भेटत नाही, म्हणून आधीच. माझा फोटो जरा मोठा आलाय. चूक त्याची.

२८ नोव्हेंबर
पुण्याला पोचलो. सुखरूप.

३० नोव्हेंबर
एक मिनिट दहा सेकंद. पहिलाच खरा ठोसा.

३ डिसेंबर
जबड्याला तारा घातल्यात. गाडीने परत आणला. हातखंब्याला त्याला म्हटलं, जरा डोळे मीट, आराम पडेल. त्याने बॅनर आधीच पाहिला होता. गंगावहिनी देवीवर रागावल्यात. माझ्यावर नाही. मला पेजही वाढली. गिळताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नितेशला बोलता येत नाही. मोबाईलवर टाइप करून मला दाखवलं, "सर, त्या दिवशी लादी खरंच ओली होती?"

मी म्हटलं, थोडी होती. त्याने मान हलवली.

कोरडी होती. त्या दिवशी मीच पुसली होती.