शेठजींच्या काकांचं सुतक

वाराणसी, मे १९९४

ती. आईस,

तुझ्या पायांवर ठेवतोय ते डोकं सध्या तुळतुळीत आहे. कुणी सांगितलं तरी घाबरू नकोस, आपलं कुणी गेलेलं नाही.

शेठजींच्या पाचही साडीच्या दुकानांत आम्ही युनियन काढली, हे कळवलं होतंच. त्यावर या महाभागाने कोर्टात शपथेवर सांगितलं, की माझ्याकडे नोकर नाहीतच, सगळी घरची माणसं आहेत. घरात कसली युनियन?

त्याच आठवड्यात त्याचे काका वारले. मग आम्ही घरची माणसं सुतक धरून बसलो. ऐन लग्नसराईत शालू दाखवायला कुणी नाही! दहाव्या दिवशी घाटावर ओळीने मुंडनही केलं. काल हा दीडशहाणा माझ्या दारात येऊन ओरडला, "अरे, नौकर हो तुम लोग, काम पर चलो!" मी म्हटलं, "यही जज साहब के सामने बोलिए." आल्या पावली चालता झाला.

पगाराची काळजी करू नकोस, भागतंय. गुडघ्याला तेल लावतेस ना?

बाबा गेले तेव्हा याच माणसाने तार करून मला तिसऱ्या दिवशी कामावर बोलावलं होतं. त्याच्या काकांचं तेरावं मात्र मी नीट पाळूनच उठणार आहे.

तुझा,
वासुदेव