शिकारी कुत्र्यांच्या शब्दांचा मूळपुरुष

३ जून, सकाळ
आजपासून कामाला लागलो. शब्दकोश मंडळाच्या संपादकांचं पत्र आलंय. शिकारी कुत्र्यांच्या पारंपरिक शब्दांवर टिपण हवं, प्रत्येक शब्दाच्या उगमासकट. पसंत पडलं तर कोशाच्या पहिल्या पानावर, संकलकांच्या यादीत माझं नाव. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली, हजारो लोकांची नावं दुरुस्त केली. स्वतःचं नाव एकदाच छापून आलं, लग्नपत्रिकेत. तेही चुकीचं.

रोज पाच शब्द करणार. जुलैपर्यंत हां हां म्हणता होईल.

३ जून, संध्याकाळ
शब्द एक : 'छू'. उगम : कुत्र्याची शिंक. बायकोने विचारलं, कुत्र्याला शिंकताना कधी पाहिलंत? दुर्लक्ष केलं.

९ जून
शब्द अजून एकच. दोष माझा नाही, पुस्तकांचा आहे. जाणत्या माणसाला भेटलं पाहिजे. पुलापलीकडे एक म्हातारबा राहतात. शिकारबंदी येण्याआधी कुत्री घेऊन सशांमागे जायचे. आजच जाणार होतो, पण त्यांच्याकडे अजून एक कुत्री आहे म्हणे. मी भीत नाही. मला केसांची अॅलर्जी आहे.

१२ जून
गेलो. कुत्री आधी बांधायला लावली. मग दोरी तपासायला लावली. म्हातारबांना विचारलं, शिकारीत कुत्र्याला काय काय म्हणायचात? बराच वेळ विचार करून म्हणाले, काही नाही. जुनी माणसं, बुजतात बिचारी. अशा लोकांना बोलतं करायला हातोटी लागते. ती माझ्याकडे आहे.

१५ जून
नवी पद्धत काढली. शब्द मीच घरून तयार करून न्यायचे, त्यांनी फक्त दुजोरा द्यायचा. कुत्रं वास लागल्यावर पाय उचलून थिजतं, त्याला 'थिजणी' म्हणत असाल ना? म्हणाले, म्हणत असू. वासाची रेघ म्हणजे 'नाकदोरी'? म्हणाले, असेल बुवा. दमून भुंकणं म्हणजे 'धापभुंक'? म्हणाले, चहा घेणार का? हा होकारच.

एका बैठकीत अठरा शब्द झाले. आधी का सुचलं नाही कोण जाणे.

२८ जून
शब्द एकशे बारा. 'नाकदोरी' नऊशे वर्षं मागे नेली. पुरावा तेवढा मिळायचाय. बायको म्हणाली, अहो, त्या म्हातारबांना आपल्या तोंडाने एक तरी शब्द सांगू द्या. संशोधन म्हणजे काय ते हिला कोण समजावणार. वीस जुलैला मंडळासमोर वाचन. म्हातारबांना साक्षीला नेतोय. कुत्रीला एकटं सोडणार नाही म्हणतात, तेव्हा तीही येणार. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसेन.

२० जुलै
आज काही लिहायचं नाही.

२१ जुलै
लिहितो. बायको म्हणते मन मोकळं करा.

दुसऱ्या पानावर होतो. संपादकांनी थांबवलं आणि म्हातारबांना विचारलं, हे शब्द तुमच्यात चालायचे का? म्हातारबा म्हणाले, साहेब भले माणूस, पूल ओलांडून यायचे, नाही म्हणवेना. पण शिकारीत तोंड उघडलं की ससा पसार. आम्ही मुकाट असायचो, सगळं हातावर चालायचं. मग उठून त्यांनी मनगट फिरवलं, दोन बोटं वाकवली, तळवा पाडला. टेबलाखालून कुत्री निघाली, वळली, दबली, पाय उचलून थिजली. मंडळ खुर्च्या सोडून उभं राहिलं. माझं बाड कुणीतरी बाजूला सरकवलं, कुत्रीला जागा हवी म्हणून.

२९ जुलै
संपादकांचा फोन. कोशात हातखुणांचं स्वतंत्र पान येणार, फोटोंसह. संकलकांच्या यादीत म्हातारबा. फोटोच्या दिवशी मीही यावं, असा आग्रह केला. माझ्यावाचून त्यांचं अडतं हे शेवटी कळलं तर. बायको म्हणाली, बोलावलंय ना, मग जा गुपचूप.

२ ऑगस्ट
फोटो झाले. थिजायला कुत्रीला समोर काहीतरी लागतं. चेंडू ठेवला, उशी ठेवली, भुसा भरलेला ससा आणला. ढुंकून बघेना. मी दारात आलो मात्र, पाय उचलून जागच्या जागी थिजली. फोटोग्राफर म्हणाला, काका, हलू नका. तीन तास कोपऱ्यात उकिडवा बसलो, कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला. अॅलर्जीने अंग थरथरत होतं. संपादक म्हणाले, थरथरताय तेच उत्तम आहे.

निघताना धीर करून विचारलं, फोटोखाली नाव येईल ना? म्हणाले, अर्थात, म्हातारबांचं आणि कुत्रीचं. आणि माझं? म्हणाले, सावजाचं नाव छापायची पद्धत नाही.

फार वाईट वाटलं. बायकोला सांगितलं, संकलकांची यादी अजून छापायला गेलेली नाही, अजून वेळ आहे. तिने जेवायला वाढलं.